करपलेल्या पोळ्यांचा राजा

आमच्या बाबांना आवडता इंग्रज राजा कसा सापडला, ते ऐका. आई गेल्यावर बाबा पुण्याहून इथे ख्राइस्टचर्चला आमच्याकडे आले आणि हट्टाने पोळ्या करायला शिकले. रोज दोन-तीन करपतात. आम्ही काही बोलत नाही, खातो.

परवा ते तव्यापाशी उभे असताना माझ्या मुलीने, रियाने, विचारलं, "आजोबा, ब्रिटिश ऑर आयरिश, हू इज युअर फेव्हरिट किंग? इट्स फॉर स्कूल."

"दीडशे वर्षं राज्य केलं आपल्यावर. त्यांच्यात आवडता कसला?"

मग रियाने पुस्तक उघडून आल्फ्रेड राजाची गोष्ट वाचून दाखवली. तो शत्रूपासून लपून एका गरीब बाईच्या घरी राहिला होता. तिने त्याला चुलीवरच्या भाकऱ्यांकडे लक्ष ठेवायला सांगितलं. हा आपल्याच विचारात, आणि भाकऱ्या करपल्या. हा राजा आहे हे बाईला कुठे ठाऊक? तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"अँड ही जस्ट सेड सॉरी," रिया म्हणाली.

एव्हाना आमच्या तव्यावरून धूर निघत होता. मी घाईने म्हटलं, "असू दे बाबा, चालेल."

बाबांनी काळी पोळी खाली उतरवली.

"रिया, हाच लिही," ते म्हणाले. "नशीबवान होता. त्याला रागवायला कोणीतरी होतं."