लाभ, दोन, तीन

वालावलच्या थांब्यावर ओरोसची एसटी अजून यायची होती. सहदेवने पेपर उघडला खरा, पण कान होते शेजारच्या बाकड्याकडे. तिथे मांडीवर लॅपटॉप घेतलेली मुंबईची योगिनी आणि नारळांच्या पाटीशी बसलेली विमलाकाकी यांचं चांगलंच जमलं होतं.

"काकी, मुलं मोजायला कशी शिकतात ते समजावं म्हणून इथल्या शाळेतल्या मुलांचं मोजणं संगणकाला ऐकवलं. त्यातल्या शिकणाऱ्या प्रोग्रामला न्यूरल नेटवर्क म्हणतात. तेही मुलांसारखंच ऐकून ऐकून शिकतं."

"मगे, शिकला?"

"कसलं! 'एक' म्हणतच नाही. लाभ, दोन, तीन! आणि आज ओरोसला तीन साहेबांना दाखवायचंय."

"पोरांका मोजूक काय दिलंस?"

"नारळ."

"मगे बरोबर शिकला गो! पयल्या नारळाक कोण एक म्हणता? लाभ म्हणूचा, नायतर बरकत जायत."

"आणि खुर्च्या मोजल्या तर?"

"खुर्चेक एक. ती काय झाडाक लागता?"

"आणि साहेब म्हणाले, आम्हालाच मोजून दाखव, तर?"

"तेव्हा मात्र एकापासूनच मोजूक सांग हां, बाये. साहेब वाढवन काय करूचे?"