रफिकचाचांचं चाक

गाडीखाली स्वतःच घुसतो म्हणतोस ना, मग आधी आमच्या दाजींचं ऐक. दाजी म्हंजे माझ्या बहिणीचे मालक, कन्नडला जीप चालवतात. मुकुंदवाडीत आमच्या दारातच त्यांनी खालचा नट आवळायला जीप उचलली. उंच गाडी, जॅक पुरेना, म्हणून जॅकखाली दोन विटा ठेवल्या.

शेजारचे रफिकचाचा जुने मिस्त्री. ते घरून एक गुळगुळीत झालेलं चाक ढकलत आले. सगळी गल्ली त्या चाकाला हसायची. कुणीही गाडी उचलली की चाचा चाक घेऊन हजर.

"दाजी, पहले हे गाडीच्या चेसीखाली आडवं टाका."

"चाचा, दोन मिनिटांचं काम हाये. कशाला मधी अडचण?"

चाचांनी चाक आत सरकवलं अन् तिथंच उभे राहिले. दाजी कुरकुरत खाली घुसले. मी पाना द्यायला वाकलो, तेवढ्यात वीट फुटली. जीप धाडकन खाली आली, ती चाकावर. दाजींच्या छातीवर वीतभर जागा राहिली.

ओढून बाहेर काढलं तसे ते चाकाकडं वळले. म्हणाले, "चाचा, हे चाक कुठलं हो?"

"रशीदवर जी जीप पडली, तिचंच हाये. धाकटा भाऊ होता माझा. त्या दिवशी हे चाक मीच खोललं, अन् त्याच्यापासून हातभर बाजूला ठेवलं."