फणसाडचा बिनचढाचा रस्ता

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण यातला एक शब्दही माझा नाही. कोथरूडच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात एक मुलगी तिथे गप्पा मारत बसलेल्या म्हाताऱ्या बापूरावांना विचारत होती.

“काका, उद्या फणसाडच्या जंगलाला सायकलवरून वळसा घालायचाय. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढ झेपणार नाही.”

“मग रेवदंड्यावरून मुरुडला जा की! समुद्र सोबतीला. मी सत्तरीत गेलो, चढ जाणवलासुद्धा नाही.”

“आणि येताना?”

“येतानाही नाही. बिबट्या मागे लागला होता, तो बिचारा दमून खाली बसला.”

“मग हाच रस्ता धरते.”

“ताई, थांबा जरा,” हवा भरता भरता दुकानदार म्हणाला. “बापूराव, गेल्या महिन्यात याच गोष्टीत तुम्ही स्कूटरवर होतात.”