जरा हळूच असू द्या

—आणि या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर म्हणाल, तर एकही जुना सापडणार नाही तुम्हाला, दादा. सोमवारी प्रिंटरचा, मंगळवारी आवाजाचा, बुधवारी पडद्याचा — आमच्याकडे वार ठरलेत! आवाजाचा तर इतका अपडेट झाला, की आता आवाजच येत नाही. पण अपडेट झालाय हो, त्यात खोट काढायची नाही. ही यांची वही बघा. कारखान्यात छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाचा वेळ मोजला, निवृत्त झाले तर आता हा बिचारा तावडीत सापडलाय. स्टॉपवॉच घेऊन समोर बसायचं — चालू व्हायला दोन मिनिटं अकरा सेकंद. लिहिलं. मग एक सेटिंग बदलायची, बंद, पुन्हा चालू — दोन मिनिटं चार. सात सेकंद वाचले! त्या सात सेकंदांत करायचं काय? तर दुसरी सेटिंग बदलायची.

काय? आपोआप उघडणारे प्रोग्राम? चौदा? पण ते तर यांनी बंद — हो, वहीत रोज संध्याकाळी ‘बंद केले’ लिहिलंय खरं... मग सकाळी परत चालू कसे? आता मला काय कळतंय त्यातलं! दहाला हे आंघोळीला जातात, तेव्हा घरात — असे बघू नका हो माझ्याकडे. मीच. दुसरं कोण आहे घरात? निवृत्तीनंतर पाच महिने हा माणूस खिडकीशी बसून होता. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. मुलीने हा जुना कॉम्प्युटर पाठवला आणि हे उठले. चार दिवसांत सगळं नीट केलं — आणि पुन्हा खिडकीशी! मग काय, शिकले मी. बंद केलेले चालू करायला काय अक्कल लागते?

पण माझ्याकडून जरा जास्तच झालं. काल स्टॉपवॉच ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाले, “मला नाही गं जमत आता काही.” आणि तुम्हाला फोन. आता तुम्ही दहा मिनिटांत याला सुसाट पळवणार. वा, हुशार आहात. पण अर्धंच करा ना. म्हणावं, साहेब, तुम्ही होतात म्हणून एवढा तरी चालला, उरलेलं तुमच्याच हातचं काम — खोटं वाटणार नाही असं म्हणा. पेन आणायला गेलेत, तुम्ही सांगाल ते लिहून घ्यायला —

आलात? अहो, चहाच विचारत होते यांना. — दादा, उठा आता. खुर्ची द्या त्यांना.