गोळीनं की वयानं

मी वारज्याची, तिथं इमारती नव्हत्या, नुसती शेतं होती तेव्हाची. आई बाळांना अंघोळ घालायची, तिचं बघून मी शिकले, आणि लग्नानंतर घरोघरी जाऊ लागले. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घालून तेल लावायचं, पीठ लावायचं आणि वाकून तांब्या-तांब्यानं पाणी घालायचं. सकाळी वारजे, मग कोथरूड, शेवटी शनिवार पेठ, सगळं ओळीनं, उशीर नाही. पाठ कधी कुरकुरली नाही, हे आधी लिहून घ्या.

काय सांगू तुम्हाला, लोकांकडं चहा मिळतो, पण संडास कुठाय विचारायची चोरी. बाळानं माझ्या अंगावर शू केली तर घरभर कौतुक, मी जाऊन येते म्हटलं की कपाळाला आठ्या. म्हणून मी पाणीच प्यायची नाही. त्यातनं लघवीला जळजळ, ताप. डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक दिलं. जळजळ गेली, खोटं कशाला बोलू. पण गोळ्या चालू असतानाच आधी टाचेमागची शीर ओढायला लागली, मग कंबर धरली. तरी मी जातच राहिले, बाळंतिणीला काय सांगणार, आज बाळ तसंच ठेवा म्हणून?

शनिवार पेठेतल्या बाळाला पायावर घेतलं, तेल लावलं, तांब्याकडं हात नेला आणि पाठीत अशी कळ आली की वाकता येईना, सरळ होता येईना. तेलकट बाळ घसरलं. त्याच्या आजीनं धरलं म्हणून, नाहीतर मोरीच्या फरशीवरच. लागलं नाही त्याला, पण ते रडणं अजून कानात आहे. आजी म्हणाल्या, मावशी, पाणी घ्या थोडं. इतक्या वर्षांत पाणी विचारलं ते तेव्हा.

संध्याकाळी त्या आजींचा फोन, तुम्ही आता आराम करा. पाठोपाठ बाकीच्या घरांचेही, आयांचा मोबाईलवर ग्रुप असतो ना. मी म्हटलं, अहो, गोळीनं झालं असेल, जाईल. तर आजी म्हणतात, मावशी, गोळीनं जंतू मरतात, पाठ नाही मोडत, वय झालं म्हणा की. माझं सगळं तिथंच अडलं. गोळीनं असेल तर उतरेल, परत बोलावतील. वयानं असेल तर पाट कायमचा भिंतीला टेकवायचा.

डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, या जातीच्या गोळ्यांनी काहींच्या शिरा दुखावतात, टाचेच्या जास्त, पाठही दुखू शकते. पण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तरी पाठ दुखते, आणि तुमची तर जन्मभर वाकलेली. नक्की कशानं, सांगता येणार नाही. ही गोळी पुन्हा नको, प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा. आणि दुखायला लागलं तेव्हाच यायचं होतं. मी म्हटलं, तेव्हा अंघोळी होत्या.

टाच बरी झाली. पाठ नाही झाली. आता काय समजायचं ते समजा.

सध्या सून बाळंतीण आहे. माझ्याच नातवाला न्हाऊ घालायला बाहेरची बाई येते, काय म्हणावं याला. ती दारात आली की मी सांगते, बाई, आधी पोटभर पाणी पी, संडास उजव्या हाताला, विचारत बसू नको. मग ती पाय लांब करते, मी खुर्चीवरून बघते. शेवटचा तांब्या ती माझ्या हातात देते, मी तो बाळावरून ओवाळते आणि म्हणते, देवा, याची पाठ ताठ राहू दे. आणि खाली बसलीय तिचीही.