मागं न फिरलेला म्होरक्या

नव्यानं काढलेल्या जुन्या पिक्चरचं मला कौतुक सांगू नका. असल्याच एका पिक्चरनं मला हरवलंय.

तिजोरी फोडणाऱ्या टोळीचा तो पिक्चर मी आणि आमच्या ह्यांनी इस्लामपूरला तंबूत बघितला होता. त्यात म्होरक्या सोनं घेऊन सुटतो, पण पडलेल्या साथीदारासाठी मागं फिरतो आणि सापडतो. हे म्हणायचे, "कशाला फिरला? सरळ जायचं हुतं." मी म्हणायची, "आपलं माणूस टाकून?" ह्यावरून आमची जन्मभर भांडणं.

हे गेले. आणीबाणी उठली त्या साली तोच पिक्चर नव्यानं, रंगीत काढलेला तंबूत आला. मी एकटीच गेले, बायकांच्या बाजूला बसले. शेवटी साथीदार पडला आणि म्होरक्या जीपमध्ये चढला.

मी मोठ्यानं म्हटलं, "आरं, मागं फिर. तुझं माणूस हाय तितं."

पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "आवं आज्जी, त्यो ऐकतोय व्हय तुमचं?"

"तू गप बस रं," मी म्हटलं. सगळा तंबू हसला. जीप निघून गेली ती गेलीच.

म्हणजे ह्यांचंच खरं झालं. पण मी काय अशी ऐकून घेणारी न्हवं. वाटेनं चालता चालता उत्तर जुळवलं: सुटला खरा, पण एवढं सोनं घेऊन एकटा करणार काय?

बिनतोड उत्तर होतं. दाराचं कुलूप काढलं, तर ऐकून हरायला आत कोणी नव्हतं.