बाईंनी दोर सोडला नाही

हाडांच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोरच्या बाकावर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई सुजलेला घोटा घेऊन बसल्या होत्या, आणि शेजारी त्यांचा मुलगा.

"आई, शिक्षकांचे खेळ म्हणजे गंमत. लिंबू-चमचा खेळायचा आणि घरी यायचं."

"लिंबू-चमचा तरी कुठे दिला? सावलीत खुर्ची टाकली आणि म्हणाले, बाई, तुम्ही टाळ्या वाजवा."

"काळजीपोटीच म्हणाले ना? तुझं ऑपरेशन झालंय."

"ऑपरेशनमध्ये गाठ काढली रे, हातपाय नाही काढले."

"म्हणून थेट रस्सीखेच?"

"आमच्या बाजूला एक गडी कमी होता. उठले, दोर धरला, टाच रोवली ती रोवलीच."

"पाय मुरगळला तेव्हा तरी सोडायचास!"

"वर्षभर सगळे तेच म्हणतायत. वर्ग सोडा, जिना सोडा, राहू द्या. तूही म्हणतोस. काल नाही सोडलं."

तेवढ्यात नर्स दारात आली आणि बाईंच्या घोट्याकडे बघून म्हणाली,

"मावशी, घरात पडलात का?"

शिंपीणबाईंनी पाय आखडून वाट करून दिली. बाई भिंतीला धरून उठल्या.

"पडले नाही गं. जिंकले!"